बारडोलीचा ऊस आणि शाळेचा पट

बारडोली हे नाव आपण सगळ्यांनी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. १९२८ चा सत्याग्रह, वल्लभभाई पटेल, 'सरदार' ही पदवी. एवढं लिहिलं की परीक्षेत मार्क पक्के. मी त्याच बारडोलीची. घरात मराठी, शाळा गुजराती, आणि आता आपल्या मराठी वाङ्मय मंडळाची सभासद. त्यामुळे "तुझ्या गावाबद्दल लिही" असं मंडळात सांगण्यात आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार की मी सत्याग्रहावरच लिहीन. मी लिहिणार आहे सरकारी प्राथमिक शाळा, त्यांना मिळणारे पैसे आणि त्यांचे निकाल यांवर. विषय कोरडा वाटेल, पण त्याचा १९२८ शी संबंध आहे. तो आधी सांगते.

१९२८ चा लढा शेतसाऱ्याचा होता हे आपल्याला माहीत असतं. तो सारा वाढवला कशाच्या आधारावर, हे मात्र पुस्तकात फारसं येत नाही. तालुक्याची पाहणी करणाऱ्या जयकर नावाच्या अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के वाढ सुचवली होती. मुंबई सरकारने ती सुमारे २२ टक्क्यांवर आणून ठेवली. शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की मुळात आकडेच चुकीचे आहेत. गावात नीट येऊन कुणी पाहिलेलंच नाही. लढ्यानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली गेली. ती गावोगाव फिरली, कागद तपासले, लोकांना विचारलं. शेवटी योग्य वाढ निघाली सुमारे ६ टक्के.

म्हणजे बारडोलीचा लढा काही अंशी चुकीच्या मोजणीविरुद्धचा लढा होता. त्याच तालुक्यात आज दरवर्षी दुसरी एक मोजणी चुकते. ती शेतांची नसून मुलांची आहे. आणि त्या मुलांपैकी बरीचशी आपल्या महाराष्ट्रातली आहेत.

कोण येतं आणि कधी येतं

काकरापारचा बंधारा आणि नंतर उकाईचं धरण झालं, तापीचं पाणी कालव्यांनी शेतात आलं, आणि बारडोलीच्या काळ्या जमिनीत कापसाच्या जागी ऊस उभा राहिला. १९५० च्या दशकात इथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आजही तो देशातल्या मोठ्या सहकारी कारखान्यांमध्ये गणला जातो. आसपासच्या तालुक्यांतही कारखाने आहेत. एवढा ऊस तोडायला माणसं लागतात. ती डांग आणि तापी जिल्ह्यांतून येतात, तशीच खानदेशातून, म्हणजे नंदुरबार आणि धुळ्यातून येतात. बहुतेक सगळी आदिवासी कुटुंबं: भिल्ल, मावची, कोकणी.

हे काही आजकालचं नाही. यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच बारडोलीच्या ऊसतोड मजुरांवर सविस्तर लिहिलं आहे. त्यांच्या लिखाणात खानदेशातून आलेली कुटुंबं आहेत, मुकादमाने दिलेली उचल आहे, आणि शेताच्या कडेला पडलेले पडाव आहेत. 'पडाव' म्हणजे मजुरांची वस्ती: बांबू, ताडपत्री, पाचट यांची बुटकी झोपडी, दाराशी तीन दगडांची चूल.

काम 'कोयत्या'वर मोजलं जातं. कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे जोडीही. नवरा तोडतो, बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते. लहान मूल असेल तर त्याला सांभाळायला थोडं मोठं मूल लागतं. ते आठ-नऊ वर्षांचं, बहुधा मुलगीच. अशी ती मुलगी शाळेतून निघते.

दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं गाव सोडतात. हंगाम एप्रिलपर्यंत, कधी मेपर्यंत चालतो. पावसाच्या तोंडावर घरी परत. शाळेचं वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या आसपास संपतं. म्हणजे पहिलं सत्र गावात, आणि दुसरं सत्र अख्खं उसात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. या मुलांच्या वाट्याला त्यातले फार तर निम्मे दिवस येतात.

शाळेला पैसे मिळतात कसे

आपण कॉलेजात फी भरतो, त्यामुळे शाळा कशावर चालते याचा विचार सहसा करत नाही. सरकारी प्राथमिक शाळेच्या पैशाचे ढोबळमानाने तीन भाग असतात.

पहिला आणि सगळ्यात मोठा भाग शिक्षकांच्या पगाराचा. किती शिक्षक द्यायचे ते मुलांच्या संख्येवर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकचा हिशेब दिला आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार.

दुसरा भाग शाळेच्या रोजच्या खर्चाचा. खडू, दुरुस्ती, वीजबिल, स्वच्छता यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला एकदा संयुक्त शाळा अनुदान मिळतं. योजनेच्या २०२१ नंतरच्या आराखड्यात त्याच्या पायऱ्या अशा आहेत: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्यावर १ लाख. म्हणजे तिसावं मूल आणि एकतिसावं मूल यांच्यात शाळेला १५,००० रुपयांचा फरक पडतो. लहान गावातल्या शाळेला ही रक्कम छोटी नाही.

तिसरा भाग मुलाच्या नावाने येणारा: पाठ्यपुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण.

समग्र शिक्षेतला खर्च केंद्र आणि राज्य साधारण ६०:४० या प्रमाणात उचलतात. गुजरातमध्ये गावच्या शाळा जिल्हा पंचायतीच्या शिक्षण समितीकडे, महाराष्ट्रात जिल्हा परिषदेकडे. नावं वेगळी असली तरी पैशाची वाट सारखीच: वरून खाली, आणि पटावर असलेल्या मुलांच्या संख्येनुसार.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. जिथे जास्त मुलं तिथे जास्त पैसे, हा न्याय कुणालाही पटेल. प्रश्न इतकाच, की मुलं मोजायची कधी?

तीन तारखा

पहिली तारीख ३० सप्टेंबर. देशातल्या प्रत्येक शाळेची माहिती 'युडायस' या पद्धतीने गोळा होते, आणि वर्षानुवर्षं त्या माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर राहिली आहे. त्या दिवशी नवापूर तालुक्यातलं मूल नवापूरच्या शाळेत असतं. मोजलं जातं. त्याच्या संख्येवर तिथलं अनुदान आणि शिक्षकाची जागा ठरते. महिना-दीड महिन्यात ते मूल ट्रकमध्ये बसून बारडोलीला येतं. इथल्या शाळेच्या पटावर ३० सप्टेंबरला ते नव्हतं. त्यामुळे इथल्या शाळेला त्याच्यासाठी ना अनुदान, ना शिक्षक.

दुसरी तारीख परीक्षेची. देशभरातल्या मुलांना किती येतं हे पाहणारी राष्ट्रीय संपादणूक चाचणी २०२१ साली १२ नोव्हेंबरला झाली. दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते. त्यानंतरचं 'परख' सर्वेक्षण २०२४ साली ४ डिसेंबरला झालं. दोन्ही वेळा उसाचा हंगाम सुरू होता. चाचणीच्या दिवशी जे मूल वर्गात हजर असतं त्याचाच पेपर घेतला जातो. म्हणजे ज्यांची सगळ्यात जास्त शाळा बुडते, त्यांची उत्तरं त्या आकड्यांत येण्याची शक्यता सगळ्यात कमी. जिल्ह्याचा निकाल चांगला लागो वा वाईट, तो या मुलांचा निकाल नसतो.

तिसरी तारीख ३१ मार्च. सरकारचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. स्थलांतरित मुलांसाठी पैशाची तरतूदच नाही असं अजिबात नाही. समग्र शिक्षेत शाळाबाह्य मुलांच्या विशेष प्रशिक्षणासाठी दर मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत, आणि राहण्याच्या सोयीसह असेल तर २०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येतो. पण त्यासाठी जिल्ह्याने आदल्या वर्षीच कार्ययोजना आणि अंदाजपत्रक बनवून संख्या कळवायची असते. पुढच्या नोव्हेंबरात कुठल्या शेताच्या कडेला किती कुटुंबांचा पडाव पडेल, हे तेव्हा खुद्द मुकादमालाही ठाऊक नसतं. आणि मंजूर पैसे हातात पडून काम सुरू होईपर्यंत मार्च उजाडला, तर हंगाम चालू आणि वर्ष मात्र संपलेलं.

यात कुणी एक माणूस दोषी आहे असं मला वाटत नाही. ३० सप्टेंबर ही तारीख एका जागी राहणाऱ्या मुलासाठी अगदी योग्य आहे. पहिल्या सत्रापर्यंत प्रवेश स्थिरावलेले असतात. ती तारीख ठरवताना सहा महिने एका राज्यात आणि सहा महिने दुसऱ्या राज्यात राहणारं मूल डोळ्यांसमोर नसणार, एवढंच.

एका गोष्टीचा हिशेब बरोबर आहे

सगळ्या व्यवस्थेत एकच पैसा मुलाबरोबर चालतो, तो म्हणजे दुपारच्या जेवणाचा. गुजरातमध्ये ही योजना १९८४ पासून आहे, देशभर नंतर आली. आता तिला 'पीएम पोषण' म्हणतात. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम. आज किती मुलं जेवली त्याची रोज नोंद होते, आणि हिशेब त्या नोंदीवर चालतो. पाहुणं मूल आलं तर त्याच्याही ताटात खिचडी पडते.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण "अशी रोजची मोजणी सरकारी यंत्रणेला जमणारच नाही" असं कुणी म्हणालं, तर ती आत्ताच, रोज, लाखभर गावांतून होते आहे हे दाखवता येतं. तांदळाचा हिशेब हजेरीवर होऊ शकतो, तर पुस्तकांचा आणि शिक्षकाचा का होऊ नये?

पुस्तक कुठल्या भाषेचं

आपलं मंडळ भाषेचं आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले की मी आणि माझी मावसबहीण संध्याकाळी तासभर गावाजवळच्या एका पडावावर जातो. शिकवणं असं म्हणता येणार नाही. गोष्टी वाचतो, गाणी म्हणतो, पाटीवर काहीतरी काढतो. तिथे चौथीतली एक मुलगी होती. नवापूरकडची. घरी मावची बोलायची. गावच्या शाळेत मराठी शिकलेली, आणि जोडाक्षरंसुद्धा न अडखळता वाचायची. तिला इथल्या शाळेत बसायला मिळालं होतं, मास्तरांनी प्रेमाने पुस्तकही दिलं होतं. ते गुजराती चौथीचं.

गुजराती लिपी देवनागरीची सख्खी बहीण. वरची रेघ काढून टाकली की ग, न, म, त, र ही अक्षरं जवळपास तीच. पण अ, ख, ज, झ, ब वेगळी. ती मुलगी ओळखीच्या अक्षरावर झपझप जायची आणि अनोळखी आलं की थांबायची. एका ओळीत चार वेळा. मग पुस्तक मिटून मला म्हणायची, "बेन, मराठीतलं सांगा ना." पहिल्या सत्रात चौथीत असलेली मुलगी दुसऱ्या सत्रात पहिलीत जाऊन बसल्यासारखी. तिला येत नव्हतं असं नाही. तिला जे येत होतं ते इथल्या पुस्तकात नव्हतं.

तिच्या आईला मी विचारलं, गावी आजीजवळ का नाही ठेवत? ती म्हणाली, "आजी आमच्याच संगं येते, बेन. आन् धाकट्याला कोण घेईल?" मी पुढे काही विचारलं नाही.

शाळेतल्या एका शिक्षकांशीही बोलणं झालं. ते म्हणाले, नाव घालायला आमची ना नाही. कायदाच तसा आहे. पण महाराष्ट्राचं पुस्तक आमच्याकडे येत नाही, मराठी येणारा शिक्षक नाही, आणि एप्रिलात ही मुलं निघून गेली की त्यांनी इथे काय केलं हे तिकडे कळवायची सोय आमच्या हातात नाही.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. बारडोलीहून पस्तीसेक किलोमीटरवर सुरत. तिथल्या महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. लिंबायत, उधना या भागांत खानदेशी लोकवस्ती मोठी आहे, आणि तिथे सरकारी खर्चाने मराठी शाळा भरतात. म्हणजे गुजरात सरकारला मराठीचं वावडं आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सुरतेच्या गिरणीत किंवा मागावर काम करणारा खानदेशी माणूस बारा महिने एका पत्त्यावर राहतो. त्याची मुलं ३० सप्टेंबरला तिथेच असतात. मोजता येतात, म्हणून शाळा मिळते. पडावावरच्या कुटुंबाला पत्ताच नसतो.

सीमेचा जुना घोळ

राज्याच्या रेषेने मुलाचं शिक्षण ठरावं, हा प्रकार आमच्या भागात शंभर वर्षांहून जुना आहे. बारडोली तालुका इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात होता. पलीकडचे व्यारा आणि सोनगढ मात्र बडोद्याच्या गायकवाडांकडे. सोनगढ तर गायकवाडांची पहिली राजधानी. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. म्हणजे कायद्याच्या भाषेत व्याऱ्याच्या मुलाला शाळा सक्तीची झाली, आणि काही मैलांवरच्या बारडोलीच्या मुलाला नाही.

त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसंच विधेयक मांडलं. बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतंच. १९१२ साली ते विधेयक नामंजूर झालं, आणि विरोधातल्या मुद्द्यांमध्ये खर्च कोण उचलणार हा मोठा होता. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. आता कायदा दोन्ही बाजूंना एकच आहे. त्यात स्थानिक प्राधिकरणाने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहावं असं स्पष्ट लिहिलं आहे. दाखला नाही, जन्मतारखेचा कागद नाही, म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.

नवापूरचं रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एका बाकावर दोन्ही राज्यांची नावं लिहिलेली आहेत आणि लोक तिथे हौसेने फोटो काढतात. रेल्वेने तिथे तिकिटापासून घोषणांपर्यंत सगळं दोन्ही राज्यांना धरून जमवून घेतलं आहे. शाळेच्या हजेरीपटाला ते अजून जमलेलं नाही.

निकाल कुणाचा म्हणायचा

शाळेच्या यशाचं मोजमाप करण्यात गुजरात मागे नाही. २००९ पासून इथे 'गुणोत्सव' होतो. शाळांना श्रेणी मिळते. महाराष्ट्रातही शाळा तपासल्या जातात. पण ज्या गावातली पाचवीची निम्मी मुलं दिवाळीनंतर उसात जातात, त्या गावच्या शिक्षकाने वर्षभर कितीही मेहनत घेतली तरी श्रेणी खालीच जाणार. आणि बारडोलीकडच्या शिक्षकाने चार महिने जीव लावून शिकवलेली मुलं त्याच्या शाळेच्या निकालात येणारच नाहीत. चांगलं शिकवल्याचा आणि न शिकवल्याचा परिणाम कागदावर सारखाच.

पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नसत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. अभ्यास व्हावा म्हणून हे योग्य आहे असं मानणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण अर्धं वर्ष ज्या पुस्तकाचं तोंडही पाहिलं नाही त्याची परीक्षा एप्रिलात द्यायची, तीही हंगाम संपण्याआधी गावी पोहोचून, हे त्या मुलीला कसं जमणार? एकदा मागे राहिलेली मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा शाळेत येईलच असं नाही. तोवर ती दहा-अकराची झालेली असते आणि कोयत्याच्या जोडीला तिसरा हात म्हणून उपयोगी पडायला लागते.

काय करता येईल

काही गोष्टी आधीच आहेत. महाराष्ट्रात गाव सोडणाऱ्या मुलाला 'शिक्षण हमी पत्रक' देतात, म्हणजे दुसऱ्या शाळेने त्याला विनाअडथळा बसवून घ्यावं. गुजरातमध्ये मायग्रेशन कार्ड आहे, हंगामी वसतिगृहांची सोय आहे. महाराष्ट्रात एकेकाळी कारखान्यांजवळ साखरशाळा चालत. पुढे मुलं नियमित शाळेतच जावीत असं धोरण झालं. गावातच हंगामी वसतिगृह काढून मुलाला मागे ठेवणं हा उपायही चालतो, आणि जिथे तो नीट चालतो तिथे मुलाची भाषा, पुस्तक, शिक्षक काहीच बदलत नाही. मला विचाराल तर पहिली पसंती त्यालाच. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला आलेल्या मुलीला वसतिगृह थांबवू शकत नाही. पडावावर पाळणाघर असेल तरच ती मोकळी होते.

जी मुलं येतातच, त्यांच्यासाठी मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, दुसरी मोजणी. ज्या तालुक्यांत ऊसतोड होते तिथे जानेवारीत एकदा पट पुन्हा मोजावा आणि वाढलेल्या मुलांचा निधी त्या शाळेला द्यावा. नंदुरबारचे पैसे कापून बारडोलीला द्यावेत असं मी म्हणत नाही. तिथली इमारत, तिथला शिक्षक बारा महिने लागतातच. हा खर्च वरचा, आणि तो फार मोठा नाही. समजा, एका शाळेत अशी ४० मुलं आली. विशेष प्रशिक्षणाचे दर मुलामागे वर्षाचे ६,००० धरले, तर सहा महिन्यांचे ३,००० होतात. ४० मुलांचे १ लाख २० हजार. एवढ्यात मराठी येणारी एक स्थानिक शिक्षिका हंगामापुरती नेमता येईल आणि वह्या-पुस्तकंही येतील.

दुसरी, मुलाचा एकच कागद. २०२२-२३ पासून युडायसमध्ये प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते, त्याला कायम क्रमांक मिळतो. तो क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. बारडोलीतली हजेरी त्याच क्रमांकावर नवापूरला दिसली, तर एप्रिलात तिथल्या शिक्षकाला कळेल की या मुलीची शाळा पूर्ण बुडालेली नाही.

तिसरी, पुस्तक. गावातून निघताना मुलाच्या पिशवीत दुसऱ्या सत्राचं मराठी पुस्तक असावं, आणि इथल्या शिक्षकाने ते वापरायला हरकत नसावी. गणित दोन्हीकडे सारखंच आहे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातातल्या. तिसऱ्यात आपल्याला वाटा उचलता येईल. आपल्या मंडळात मराठी उत्तम लिहिणारे आहेत, चित्रं काढणारे आहेत, आणि गुजराती येणारे माझ्यासारखे दोघं-तिघं आहेत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तीच गोष्ट गुजरातीत, आणि वेगळ्या अक्षरांची ओळख करून देणारी एक पट्टी, अशी वीस गोष्टींची कार्डं आपण या वर्षी करू शकतो. मावची येणारा कुणी विद्यार्थी आपल्या कॉलेजात असेल तर त्याची मदत घेऊन तिसरी भाषाही घालता येईल. छपाईचा खर्च वार्षिक कार्यक्रमातल्या एका खाद्यस्टॉलच्या पैशात निघेल असा माझा अंदाज आहे.

आणि जे गावाकडचे आहेत त्यांच्यासाठी एक सोपं काम. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असा कायदा आहे. आपले काका, मामा, शेजारी त्या समितीवर असतात. नोव्हेंबरात त्यांना एवढंच विचारायचं: आपल्या गावाबाहेर पडाव पडला आहे, तिथली किती मुलं शाळेत आली? उत्तर "माहीत नाही" असं आलं, तर तिथे जाऊन मोजायचं. वही-पेन घेऊन गेलं की अर्ध्या तासाचं काम आहे. तो आकडा समितीच्या इतिवृत्तात लिहिला गेला की तालुक्याच्या अधिकाऱ्याला आणि जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाला पुढच्या वर्षी काहीतरी आधार मिळतो.

कार्डांच्या कामात ज्यांना यायचं आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला गाठा. हंगाम सुरू व्हायच्या आत पहिली दहा कार्डं तयार व्हायला हवीत.